खाट काढा

सोमवार, ३ तारीख

आजपासून रोजनिशी. मोठ्या मोहिमेची नोंद कुणीतरी ठेवायला हवी आणि या घरात तेवढं डोकं दुसऱ्या कुणाला नाही.

मोहीम अशी. येत्या सोळा तारखेला, रविवारी, आई कायमची आमच्याकडे राहायला येते आहे. बाबा गेल्यापासून ती ताईकडे होती. आता ताईचंच पाठीचं ऑपरेशन ठरलंय. ताई फोनवर म्हणाली, तुझी मागची खोली रिकामी झाली असेल तरच आणते. नसेल तर आत्ताच सांग, मी वृद्धाश्रमात बोलून ठेवलंय. मी म्हटलं, खोली तयार आहे. ताई म्हणाली, हे तू मागच्या वर्षीही म्हणाला होतास. मी म्हटलं, या वर्षी जास्त तयार आहे.

फोन ठेवून मागच्या खोलीचं दार उघडायला गेलो. अर्धंच उघडलं.

आत शत्रूचं बळ: एक कापसाची गादी, एक डबा टीव्ही, एक व्यायामाची सायकल. या सगळ्यांच्या खाली आमच्या जुन्या घरातली लोखंडी खाट. बाकी चिल्लर.

बायको म्हणाली, भंगारवाल्याला बोलवा, एका फोनचं काम आहे. पण भंगारवाल्याशी माझं बोलणं नाही. मागे तो टीव्ही बघून हसला होता. म्हणाला, साहेब, हा न्यायचा तर वर तुम्हीच मला काहीतरी द्या. त्या दिवशी संबंध तोडले. मोडेन पण वाकणार नाही.

शिवाय मोडतोड हा माझा पेशा आहे. विमा कंपनीत नुकसानीच्या दाव्यांची फाइल माझ्या टेबलावरून जाते. पिचलेली गाडी असो की जळालेलं गोदाम, मी एक नजर टाकतो आणि शेरा मारतो: दुरुस्तीपलीकडे. माझ्या शेऱ्यावर अपील नाही.

मंगळवार, ४

हातोडी आणली. मुठीला रबर. हातात धरल्याबरोबर माणूस बदलतो. बायकोने विचारलं, खोली रिकामी करायला हातोडी कशाला? तिने हातोडीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि काचेचे ग्लास वरच्या फळीवर ठेवले.

बुधवार, ५. सकाळी

पहिला बळी गादी. आधी शांततेच्या मार्गाने. पहाटे उचलून कोपऱ्यावरच्या कचराकुंडीपाशी नेऊन टाकली. मागे वळून बघितलं नाही.

बुधवार, ५. अंघोळीनंतर

वॉचमन गादी घेऊन दारात. म्हणाला, तळमजल्यावरच्या वकिलांनी ओळखली. गादीची खोळ आमच्या हॉलच्या जुन्या पडद्याची आहे, मोठमोठे पोपट असलेली. पोपट अख्ख्या बिल्डिंगच्या ओळखीचे आहेत. वकिलांनी निरोप धाडलाय की सार्वजनिक जागी असं काही टाकणं हा गुन्हा आहे आणि आपण सख्खे शेजारी म्हणून ते गप्प बसलेत. वकील आजवर कधी गप्प बसल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

गुरुवार, ६

गादी टेम्पोत घालून ऑफिसच्या मागच्या गल्लीत नेली. तिथे पोपट कुणाला माहीत नाहीत. दुपारी शिपाई सगळ्यांसमोर म्हणाला, साहेब, मागे कुणीतरी चांगली गादी टाकलीय, मी तुमच्यासाठी उचलून ठेवली, तुमच्या आई येणार आहेत ना.

सगळं खातं माझ्याकडे प्रेमाने बघत होतं. थँक्यू म्हणावं लागलं. टेम्पोने परत आणली.

शुक्रवार, ७

शांततेचा मार्ग संपला.

अर्धी रजा टाकून गादी गच्चीवर नेली. स्वयंपाकघरातला मोठा सुरा घेतला. पहिला वार पोपटाच्या मानेवर. काय समाधान सांगू. दुसरा, तिसरा, मग मोजले नाहीत. पोटात सुरा खुपसून लांबपर्यंत फाडत नेली. आतून कापूस बाहेर पडायला लागला, तसा मी दोन्ही हातांनी तिची आतडी ओढून काढायला लागलो. तोंडाने काय बोलत होतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यात ताईचं नाव दोनदा आलं.

तेवढ्यात वारा सुटला.

गच्चीवर वकिलांच्या घरचे कपडे वाळत होते. काळा कोट पांढरा झाला. वकिलीणबाई वर आल्या, माझ्या हातातला सुरा बघितला आणि तशाच मागच्या पावली खाली गेल्या. मी त्यांना सांगणार होतो की गादीच आहे.

एक शिकलो. गादीत दाबून भरलेला कापूस मोकळा झाला की वाढतो. एका गादीची पाच पोती झाली. पोती मागच्या खोलीत ठेवली. तात्पुरती.

रविवार, ९

आज टीव्ही. जड धूड. जिना अरुंद. ऑफिसात अशा वेळी आम्ही मार्ग सुचवतो, म्हणून दोर बांधून बाल्कनीतून खाली सोडायचं ठरवलं. बायको म्हणाली, दोर धरायला कुणाला तरी बोलवा. मी म्हटलं, एकटा पुरे आहे. गाठ मारताना टीव्हीच्या डोळ्यात बघून म्हटलं, आज तू नाहीतर मी.

दोर भक्कम होता. मीही भक्कम होतो. गाठ सुटली.

टीव्ही खाली वकिलांच्या स्कूटरवर पडला. आवाज असा की समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या एकदम उघडल्या. मी खाली धावलो आणि सवयीने आधी नुकसान तपासलं. सीट आत गेलेली. हॅण्डल वाकडं. पुढचं चाक आडवं. माझ्या तोंडून निघून गेलं, दुरुस्तीपलीकडे. वकील मागेच उभे होते. म्हणाले, हे लेखी द्याल का?

टीव्हीला ओरखडा नाही. कुणीतरी गंमत म्हणून वायर लावली तर चालू झाला.

रविवार, ९. दुपारनंतर

वकिलांनी टीव्ही पुरावा म्हणून स्वतःच्या घरात नेऊन ठेवलाय. केस संपेपर्यंत परत मिळणार नाही म्हणतात. मी कडक शब्दांत निषेध केला आणि जिन्यात एकट्याने नाचलो. ज्याला शत्रूकडून काम करून घेता येतं तो खरा सेनापती.

बायकोला हे पटवून द्यायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, लोक वस्तूंची विल्हेवाट लावतात, तुम्ही नुसती वाट लावताय. मी म्हटलं, विल्हेवाट काय आणि वाट काय, लावली ना?

मंगळवार, ११

व्यायामाची सायकल. हिच्यावर माझा जुना दात आहे. आणली तेव्हा रोज अर्धा तास चालवायचा निश्चय होता. ती तशीच बघत राहायची. कपडे टाकले तरी त्यांच्या आडून बघायची.

आज हातोडीचं उद्घाटन. वेगाच्या काट्यावर घाव घातला, काटा उडाला. सीटवर घाव घातला, हातोडी उसळून माझ्या कपाळाजवळून गेली. मग राग अनावर झाला. चाकावर सगळ्या ताकदीने एक ठेवून दिला. चाक गरगर फिरलं, त्याच्याबरोबर पॅडल फिरलं आणि पॅडलने माझ्या नडगीवर असा तडाखा दिला की मी खाली बसलो आणि मोठ्याने आईला हाक मारली. ती यायला अजून पाच दिवस आहेत.

हाड दिसतंय असं मला वाटलं. डॉक्टर म्हणाले, हाड नाही, साबण आहे, धुताना राहिलाय. टाके घातले. इंजेक्शन दिलं. कसं लागलं विचारलं तेव्हा बायकोने सगळं सांगून टाकलं. डॉक्टर म्हणाले, सायकल चालू आहे का? आमच्या पेशंटना गुडघ्यासाठी हवीच होती. बायको म्हणाली, न्या. संध्याकाळी त्यांचा माणूस येऊन घेऊन गेला.

थोडक्यात, मी रक्त सांडून सायकल बाहेर काढली.

गुरुवार, १३

खोलीत आता फक्त पोती आणि खाट. लंगडत का होईना, पण जिंकतोय.

रात्री जेवताना आईचा फोन. आवाज बारीक झालाय तिचा. मोतीबिंदूमुळे फोनचे आकडेही दिसत नाहीत, ताई लावून देते. म्हणाली, बाळ, त्या आश्रमात माणसं चांगली आहेत असं ताई म्हणते, पण मला तुझ्याकडे यायचंय. मी म्हटलं, अगं, येच. ती म्हणाली, माझी खाट आहे ना रे? आता जमिनीवरून मला उठवत नाही. मी म्हटलं, आहे, आहे, सगळं आहे, तू काळजी करू नको. म्हातारं माणूस, त्याला जुन्या वस्तू आठवत राहतात.

शुक्रवार, १४. सकाळी

बायको ऑफिसला निघताना चप्पल घालता घालता म्हणाली, आता तेवढी खाट काढा. आई परवा येतायत. मी म्हटलं, आजच काढतो. आज-उद्याची रजा टाकली आहे.

बरं झालं तिनेच विषय काढला. मीही तेच म्हणत होतो. आईला त्या जुनाट खाटेवर झोपवायचं म्हणजे ताईला आयतं बोलायला मिळेल. हिच्या मनात नवा पलंग असणार. बोलत नाही, पण मन मोठं आहे हिचं.

शुक्रवार, १४. दुपारी

हे मी अभिमानाने लिहितोय. आजपर्यंत प्रत्येक वस्तू योगायोगाने गेली असं कुणी म्हणू शकेल. खाट मी काढली.

लोखंड कापायचा हॅकसॉ लावला. जुनं लोखंड, हल्ली असं येत नाही. आधी पट्ट्या कापल्या. मग चौकटीचे जोड. तीन पाती मोडली. हाताला फोड आले, फुटले, तरी थांबलो नाही. ती वाकायला तयार नाही आणि मी मोडायला तयार नाही. मग हातोडी घेतली. घाव घातला की सगळी खाट ओरडायची आणि मला अजून चेव यायचा. एक घाव वकिलाला. एक त्या हसऱ्या भंगारवाल्याला. उरलेले सगळे ताईला. ताई नेहमी म्हणते, आईला मीच बघितलं. तिने खरंच बघितलं, तेच तर लागतं. बाबा आजारी असताना मी दर महिन्याला जाणार होतो. ऑफिसात काम फार होतं तेव्हा.

शेवटी पायाकडची बाजू आडवी झाली तेव्हा मी चक्क तिच्यावर उभा राहिलो.

भंगारवाल्याला मीच फोन केला. जिंकलेल्या माणसाला मान कमी-जास्त होण्याची भीती नसते. तो आला, तुकडे बघितले, माझ्या हातातली हातोडी बघितली आणि या वेळी हसला नाही. सगळं नेलं. डोक्याकडच्या दोन उभ्या पाइपांवर पितळी गोळे होते. दुसऱ्या पाइपवरच्या पितळी गोळ्याकडे त्याची नजर गेली, तेव्हा तो पाइप मी काढून घेतला. म्हटलं, हा देणार नाही. एकदा माझ्यावर हसलास, आता पितळ अर्धंच मिळेल.

खोली झाडली, पुसली. पोती एका कोपऱ्यात लावली. बायको येईपर्यंत दारात उभा.

शुक्रवार, १४. संध्याकाळी

ती आली. खोलीत गेली. म्हणाली, खाट कुठे आहे? मी म्हटलं, काढली. ती म्हणाली, कुठे काढून ठेवलीत? मी म्हटलं, ठेवली नाही. काढली.

ती भिंतीला टेकून खाली बसली. पर्ससकट.

मग म्हणाली, मी म्हटलं खाट काढा. पोत्यांच्या मागून बाहेर काढा. पुसा. आईंना झोपायला. मी म्हटलं, मग काढून ठेवा म्हणायचं. टीव्ही काढा म्हणालीस, तेव्हा काढला. सायकल काढा, काढली. सगळीकडे एकच शब्द वापरायचा आणि खाटेला अर्थ बदलायचा, हे कुठल्या शाळेत शिकवतात?

तिला रडू आलं होतं आणि मला ते बघवलं नाही, म्हणून मी आणखी मोठ्याने बोललो.

मग तसाच लंगडत भंगारवाल्याकडे पळालो. ट्रक गेला होता. म्हणाला, साहेब, आता ते भट्टीत. आणि गेलं नसतं तरी तुम्ही जोडण्यासारखं काही ठेवलं नव्हतं. एवढं बारीक तर आम्हीपण करत नाही.

शनिवार, १५

घाबरायचं कारण नाही. फर्निचरच्या दुकानात गेलो. पलंग आहेत, पण घरपोच पुढच्या आठवड्यात. एक घडीची खाट लगेच मिळत होती. दुकानदार म्हणाला, एका बोटाने उघडते. घेतली.

एका बोटाने उघडत नाही. एक बोट घेते. डाव्या हाताचं मधलं, नख काळं झालंय. तरी उघडली. आईला द्यायच्या आधी स्वतः तपासावी म्हणून वर आडवा झालो. दोन मिनिटं ठीक. मग कूस बदलली आणि दोन्ही बाजू वर येऊन खाट माझ्यासकट मिटली. गुडघे हनुवटीला लागले. हातोडी हाताच्या अंतरावर दिसत होती, पण हात आत होता.

बायको बाजारातून आली तेव्हा आतून आवाज दिला. तिने मला बाहेर काढलं. या वेळी शब्दाबद्दल वाद झाला नाही.

खाटेचा पाय मी लगेच तोडला. स्वसंरक्षणार्थ.

रविवार, १६

हे नीट लिहितो.

दहाच्या सुमारास ताईची गाडी आली. आई ताईचा हात धरून जिना चढली. फार बारीक झाली आहे. मला खांद्यापासून चाचपून म्हणाली, तू लंगडतोयस का रे? मी म्हटलं, व्यायाम जास्त झाला.

ताई सरळ मागच्या खोलीत. चारी भिंती बघून आली. म्हणाली, पोती सोडली तर खोली रिकामी आहे, मानलं. आईने झोपायचं कशावर? मी म्हटलं, सध्या तात्पुरतं, म्हणजे नवीन येतंय, म्हणजे तसं ठरलंय. ताई म्हणाली, तिला खाली बसवलं तर उठवायला दोन माणसं लागतात. तुला माहीत तरी आहे का? मला माहीत होतं. गुरुवारी आईने सांगितलं होतं. मी ते या वहीत लिहूनसुद्धा ठेवलंय.

तेवढ्यात आई भिंतीच्या आधाराने दारापर्यंत आली आणि दारामागे मी उभा करून ठेवलेला पाइप तिच्या हाताला लागला. तिने हात वर नेला. पितळी गोळा मुठीत धरला. अंगठ्याने खालची खाच चाचपली. मी प्रसंगावधान राखून म्हटलं, आई, तुझ्यासाठी खास काठी करून घेतलीय. बघ ना, खाली रबरसुद्धा आहे.

आई म्हणाली, छान झालीय. उरलेली काठी कुठे आहे?

ताईने पाइप खालपासून वरपर्यंत बघितला. आई म्हणाली, ही खाच तुझ्या दाताची. दात येत होते तेव्हा तू हा गोळा चावायचास. तू याच खाटेवर झालास. तुझे बाबा याच खाटेवर गेले. मधे एवढी माणसं झोपली, उठली, पण ही मोडावी असं कुणाला वाटलं नाही.

मी म्हटलं, आई, शब्दाचा घोटाळा झाला. मला फार वाईट वाटलं. दुसरं काही लिहायला सुचत नाही.

ताई म्हणाली, चल आई, गाडी खालीच आहे, आश्रमवाले पाचपर्यंत थांबतील. आई म्हणाली, थांब जरा. काठी टेकत हॉलमधून आमच्या खोलीत गेली. ठक, ठक. पलंगाच्या कडेला पोचली, हाताने बघितलं आणि बसली. माझ्याच झोपायच्या बाजूला. बायकोला विचारलं, ही जागा कुणाची गं? बायको म्हणाली, तुमची.

आई ताईला म्हणाली, तू जा, पाठीला जप. मी इथेच राहते. याच्यावर कुणाचं तरी लक्ष हवं. ताई म्हणाली, तुला तर दिसत नाही. आई म्हणाली, हातोडीचा आवाज येतो की.

ताई जाताना माझ्याकडे न बघता गेली. जिन्यात वकिलांशी बराच वेळ बोलत होती.

म्हणजे आई आली, राहिली, खोलीही रिकामी झाली. मोहीम यशस्वी.

सोमवार, १७

मागच्या खोलीत जाग आली. कापसाच्या पाच पोत्यांवर. चार एका बाजूला घसरली होती, पाचव्यावर मी होतो. जाग आली कारण आईने काठी पुढे करून मी कुठे आहे ते शोधलं. रबराचं टोक बरोबर टाक्यांवर बसलं. इतके दिवस या घरात ज्याने त्याने नेम चुकवला, आईचा चुकला नाही. म्हणाली, ऊठ, ऑफिसला उशीर होईल. मी विचारलं, झोप लागली का? म्हणाली, नाही. पलंग मऊ आहे. होईल सवय.

स्वयंपाकघरातून बायकोने हाक मारली, अहो, जरा कप काढा. मी दारात जाऊन नम्रपणे विचारलं, काढू म्हणजे काढून देऊ की काढून टाकू? आई आतून म्हणाली, सूनबाई, याला काही काढायला सांगत जाऊ नकोस. तू काढ, तो बघेल.

कप बायकोने काढले. वरच्या फळीवरून.

मोडक्या घडीच्या खाटेचं काहीतरी करायला हवं. ती माझ्या उशाशीच उभी आहे. पण हातोडी जागेवर नाही. दोघींना विचारलं. दोघी चहा पीत राहिल्या.